कुलदैवत फोंड्याला, शुक्रवार पणजीत

गोव्यातल्या बहुतेक घरांचं देवाशी दुहेरी खातं असतं. कुलदैवत फोंडा महालात, नाहीतर डिचोली-सांग्याकडे. तिथं जायचं जत्रेला, लग्नानंतर नव्या जोडप्याला घेऊन, मुंजीआधी. आणि कचेरी सुटल्यावर, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, नवी स्कूटर दारात आली की गाठायचं ते शहरातलं देऊळ. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. रोजच्या देवळाबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही, कारण ते सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

या देवळांना फोंड्याची मोजपट्टी लावली तर ती नापासच होतील. इथं तळी नाही, उतरायला अग्रशाळा नाही, सात मजल्यांचा दीपस्तंभ नाही. शहरातल्या देवळात बघायचं ते एवढंच: अर्ध्या तासाच्या सुट्टीत दर्शन, ओटी आणि पावती होते का, ज्याचं इथं कोणी महाजन (देवळाच्या वहीत नाव असलेल्या घराण्यातला) नाही त्याला सेवा लावता येते का, आणि भर पावसात आलेल्या माणसाला छत्री ठेवायला जागा आहे का.

पणजीच्या श्री महालक्ष्मीपासून सुरुवात करणं रास्त. दादा वैद्य रस्त्यावरचं हे देऊळ 1818 सालचं. हा आकडा साधा वाटतो, पण तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखांत, सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली आणि देव नदीपलीकडे हलवले गेले. पोर्तुगिजांच्या हुकमतीत पुन्हा उघडपणे देऊळ उभं राहायला अडीचशेवर वर्षं गेली. फोंड्यातली देवळं टिकली, कारण तो मुलूख पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, तोवर मोडतोडीचा जोर ओसरला होता. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला 1843 मध्ये, म्हणजे देवी राजधानीच्या आधी पंचवीस वर्षं इथं बसलेली. बँकेतला कारकून, बाजारातला व्यापारी आणि मळा या पणजीतल्या वाड्यावरची म्हातारी, सगळे एकाच रांगेत दिसतात ते यामुळेच. हे शहराचं देऊळ आहे, एका गावकीचं नव्हे.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका, असा सल्ला देणं म्हणजे देवीला तिच्याच वारी टाळणं, पण ज्याला शांतपणे बसायचं आहे त्यानं मंगळवार-बुधवारची सकाळ धरावी. ओटी मात्र शुक्रवारचीच भरायची असेल तर ऑफिसला जाण्याआधी उरकावी. दुपारी महानैवेद्य झाला की गोव्यातली बहुतेक देवळं गर्भकुडीचा (गाभाऱ्याचा) पडदा ओढतात आणि तो थेट संध्याकाळी उघडतो. जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन बंद दाराला नमस्कार करून परतणारे दर आठवड्याला दिसतात.

ओटीचं सामान देवळासमोर तयार ताटात मिळतं, तरी एकदा उलगडून बघावं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, फणी, फूल एवढं हवं. तयार ताटात फसवणूक होते ती नारळात. कानाशी धरून हलवा. पाण्याचा आवाज मोकळा यायला हवा. आवाज जड, दबका आला किंवा डोळ्यांपाशी ओल-बुरशी दिसली तर तो आतून नासलेला. नारळाची शेंडी ठेवायची आणि ती देवीकडे करायची. घरून नारळ नेत असाल तर देवळाला असोला चालतो की सोललेला, हे आधी विचारा. नवसाला असोला नारळ देण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे, पण ओटीत तो मावत नाही.

फुलांत पणजी-म्हापशाच्या बायकांकडून अबोलीच्या फाती (गुंफलेल्या माळा) घ्याव्यात. अबोलीला वास नाही, पण ती संध्याकाळपर्यंत मान टाकत नाही, आणि देवीच्या अंगावर तो केशरी रंग जसा उठतो तसा झेंडूचा उठत नाही. मोगरा दुपारनंतर तांबूस पडतो. सुरंगीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर जेमतेम काही आठवड्यांचा, तेव्हा मिळाली तर दुसरं काही घेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत फाती घट्ट बांधून आणली की घाम सुटून ती काळी पडते. केळीच्या पानात गुंडाळून आणावी.

कुंकुमार्चन ही शहरातल्या देवी-मंदिरात सर्वाधिक लावली जाणारी सेवा, आणि सर्वाधिक बिघडणारीही. अष्टोत्तरशत नामावळीला 50 ग्रॅम कुंकू पुरतं. सहस्रनामाला पाव किलो घ्यावं, नाहीतर सातशेव्या नावाला डबी रिकामी होते आणि मग चिमटीतून नुसतंच बोट फिरतं. चिमूट अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांची. तर्जनी लावायची नाही. कुंकू खरं की रंगवलेली पूड, हे घरीच कळतं. थोडं बशीत घेऊन वर लिंबू पिळा. हळदीला चुन्याचा संस्कार देऊन केलेलं कुंकू आंबटाला लागताच पुन्हा पिवळं व्हायला लागतं. रंगाची पूड तशीच गुलाबी-लाल राहते. दुसऱ्या जातीचं कुंकू वस्त्रावर पडलं की धुऊन निघत नाही, म्हणून काही ठिकाणी ते चालतच नाही, आणि ते बरोबरच आहे.

अभिषेकाला घरून पंचामृत न्यायचं तर साधारण प्रमाण असं: दूध अर्धा लिटर, दही एक वाटी, साखर पाव वाटी, मध दोन चमचे, तूप एक चमचा. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये; आयुर्वेद तो योग विरुद्ध मानतो आणि हे पंचामृत पुढं तीर्थ म्हणून पोटात जायचं असतं. पाचही पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत न्या, घरून कालवून नेऊ नका, कारण अभिषेकात ते एकेक करून वाहतात आणि मध्ये शुद्धोदक लागतं. तांब्याचं भांडं पाण्याला. दही-दूध तांब्यात ठेवलं की आंबटपणा धातूला लागतो आणि तीर्थाला कडवट चव येते. पंचामृताला चांदीचं किंवा स्टीलचं. भटजी ओरडतात ते यासाठी, सोवळ्याच्या हट्टासाठी नव्हे.

देवीला श्रीसूक्ताचा अभिषेक करतात. त्याच्या ऋचा पंधरा, वर फलश्रुती. सोळा आवर्तनं नीट स्वरात म्हटली तर सव्वा ते दीड तास जातो. कोणी पाऊण तासात सोळा आवर्तनं उरकून दिली तर ती सोळा नव्हती, किंवा ते श्रीसूक्त नव्हतं. शिवाकडे रुद्र लावताना तर हिशेब डोक्यात पक्का हवा: रुद्राची अकरा आवर्तनं म्हणजे एकादशणी, अकरा एकादशण्या म्हणजे लघुरुद्र, एकूण 121 आवर्तनं. लघुरुद्राला अकरा ब्राह्मण बसतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एक एकादशणी येते आणि सकाळचं काम दुपारपर्यंत आटोपतं. दोन भटजी घेऊन न्याहारीआधी लघुरुद्र ‘करून देणारे’ आहेत. पावतीवर सेवेचं नाव काय लिहिलंय ते वाचावं. अभिषेकाची पावती फाडून लघुरुद्राचं समाधान घेऊन घरी जाणारे यजमान कमी नाहीत.

संकल्पाला गोत्र, कुलदैवत, नाव, नक्षत्र विचारतात. पावती ऑनलाइन किंवा फोनवरून काढली असेल तर ही माहिती देवनागरीत लिहून पाठवा. रोमन लिपीतल्या गोत्राचे गाभाऱ्यात भलतेच उच्चार होतात. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, पण तो शेवटचा मार्ग, घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करून झाल्यावर. आणि सेवा लावतानाच विचारून ठेवा की मध्ये सुतक किंवा सोयर आलं तर तारीख पुढं ढकलता येते का. शहरातल्या देवळात बहुधा ढकलतात, पैसे मात्र परत देत नाहीत.

महाजनकीबद्दल बाहेरून आलेल्यांचा गोंधळ होतो. गोव्यातल्या महाजनी देवस्थानांचा कारभार अजूनही 1933 च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमावलीवर चालतो. मामलेदार हा प्रशासक, आणि महाजन दर तीन वर्षांनी समिती निवडतात: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. महाजन म्हणजे ज्या घराण्याचं नाव देवळाच्या वहीत आहे ते. मत देणं, समितीवर येणं, काही ठिकाणी पालखीला पहिला खांदा, हे त्यांचे हक्क. दर्शन, ओटी, अभिषेक, देणगी यांना वहीत नाव लागत नाही. खिडकीवर बसलेल्या कारकुनाशी मानपानावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तो नियम त्यानं केलेला नाही, आणि बदलायचा तर तो विधानसभेतच बदलेल.

सभागृह घेऊन महाप्रसाद करायचा असेल तर भटजीच्या आधी आचारी ठरवा. शंभर पानांना तांदूळ दहा ते बारा किलो धरतात. खतखत्याला, म्हणजे आपल्या अनेक भाज्यांच्या कालवणाला, भाज्या जितक्या जास्त तितकं बरं, पण तिरफळं विसरलात तर ते नुसतं मिश्र भाजीचं तोंडाक (रस्सा) होतं. तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं, सालच घ्यायची. मणगण्याला (डाळ-गुळाच्या खिरीला) पन्नासेक पानांसाठी चण्याची डाळ एक किलो, गूळ दीड किलो, नारळ सहा, मूठभर साबुदाणा. डाळ बोटानं चिरडण्याइतकी शिजल्याशिवाय गूळ टाकला की ती पुढं कितीही उकळा, कडकच राहते. नारळाचं जाड दूध शेवटी, आणि ते घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही. फुटलं की वर तेल आणि खाली चोथा. देवळाच्या मोठ्या टोपांत हे हमखास होतं, कारण मोठा टोप चुलीवरून उतरवला तरी पाऊण तास आतून शिजत राहतो. दूध घालायच्या आधी आच बंद करावी.

मळ्याचा मारुती हा पणजीतला शनिवारचा देव. फोंतेन्यास या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांच्या मागं चढण चढून जायचं. देऊळ लहान, वरून दिसणारं शहर मोठं. पावसाळ्यात पायऱ्यांवर तेल आणि शेवाळ एकत्र येतं, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना शनिवार सोडून न्यावं. रुईच्या पानांची माळ घरी ओवणार असाल तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. रुईचा चीक डोळ्याला वाईट. तेल स्वतः मूर्तीवर ओतू नये, पुजाऱ्याकडे द्यावं.

म्हापशाचा देव बोडगेश्वर वेगळ्या जातीचा. तो राखणदार, गावावरून रात्री दांडा घेऊन फिरतो अशी श्रद्धा. त्याच्याकडं श्रीसूक्त-रुद्राचे हिशेब घेऊन कोणी जात नाही. तिथं गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाणं घालणारा जर वाकबगार असेल तर तीन मिनिटांत तुमच्या घरातली भांडणं, दुकानातली उधारी आणि मुलाचा व्हिसा सगळं देवाच्या कानावर जातं. नाव सांगताना गावाचं आणि घराचं नाव द्या, आडनावावर भागत नाही. शहराच्या तोंडाशी मोकळ्यावर देऊळ असल्यामुळं गाडी लावायला त्रास नाही, जत्रेचे दिवस सोडून. जत्रा पौष पौर्णिमेच्या सुमारास. ख्रिस्ती म्हापसेकरही इथं हात जोडतात, आणि त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

मडगावकडं कार्तिकात दिंडी निघते, हरिमंदिरातून कोंबच्या विठ्ठल मंदिराकडे. वाटेत चौकात बैठका होतात, नामांकित गायक गातात आणि रस्त्यावर बसून फुकट ऐकायला मिळतं. पुढच्या रांगेत बसायचं तर चटई घेऊन लवकर जा. गाणं हवं असेल तर दिंडी. देव हवा असेल तर एरवीचा कुठलाही दिवस.

आता वास्को. शहरातलं देऊळ म्हणजे काय हे समजायचं असेल तर एकदा श्रावणात इथं यावं. इथला देव दामोदर मूळचा मडगावचा. मडगावातलं देऊळ गेलं तेव्हा तो कुशावतीकाठी जांबावलीला गेला, आणि मडगावकर आजही फाल्गुनात गुलालाला तिथं जातात. वास्कोचा दामोदर त्या जांबावलीच्या देवाचं देणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत साथ पसरली, लोक जांबावलीला शरण गेले, तिथून प्रसादाचं श्रीफळ आणलं, त्यापुढं अखंड भजन केलं आणि साथ हटली, अशी परंपरा. म्हणून या उत्सवाच्या केंद्रस्थानी एक नारळ आहे. श्रावण शुद्ध षष्ठीला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तो देवापुढं ठेवतात आणि भजन सुरू होतं. चोवीस तासांनंतर आदल्या वर्षीचं श्रीफळ खारीवाड्याच्या समुद्रात विसर्जित होतं. उत्सवाचं नाव सप्ताह, प्रत्यक्षात भजन एका अहोरात्राचं. गोव्यात सप्ताह म्हटलं की बहुधा चोवीस तासच समजतात. आठवडाभर चालते ती रस्त्यावरची फेरी, म्हणजे दुकानांचा बाजार.

वास्को हे बंदराचं आणि रेल्वेचं शहर, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं. इथं महाजनांच्या वहीपेक्षा धंद्याच्या पारांचं, म्हणजे धंद्यावारी निघणाऱ्या मिरवणूक-मंडळांचं, वजन जास्त. बाजारकरांचा पार, नाभिकांचा पार, गाडेकरांचा पार, दैवज्ञांचा पार. षष्ठीच्या रात्री हे पार पौराणिक देखाव्यांसह वाजतगाजत देवळाकडे येतात. ज्यांना देखावे बघायचे आहेत त्यांनी जेवून निघावं आणि स्वातंत्र्य पथाच्या आसपास पाय रोवून उभं राहावं. देवळाजवळ जाण्याचा प्रयत्न केला तर ना देखावा दिसतो ना देव. दर्शन हवं असेल तर पहाटे तीन ते पाच. पार येऊन गेलेले असतात, पोरंटोरं झोपलेली असतात आणि भजन सर्वात सुरेल त्याच वेळी असतं, कारण तेव्हा माईकसाठी धडपडणारे घरी गेलेले असतात.

अखंड भजनाचा एकच कडक नियम: सूर तुटता नये. एक मंडळी उठायच्या आधी दुसरी बसते, झांजा नवे हात उचलतात, आणि ‘जय जय राम कृष्ण हरी’च्या गजरात पेटी बदलते. गडबड होते ती पट्टीत. आधीचे काळी दोनमध्ये, नंतरचे पांढरी चारमध्ये. पखवाज एकाच पट्टीत लावलेला. त्यात श्रावणाची हवा. दमटपणानं पुडी (पखवाजाचं कातडं) सैल पडते, सूर खाली येतो, वादक ती ताणणारे गट्टे ठोकत राहतो. धुम्यावरची (खर्जाच्या तोंडावरची) कणीक पावसाळ्यात सुकत नाही, उलट चिकट होऊन घसरते. तीन-चार तासांनी खरवडून ताजी लावावीच लागते. शहाणी मंडळी दोन पट्ट्यांचे दोन पखवाज आणतात आणि कणीक मळलेला गोळा ओल्या फडक्यात ठेवतात. ज्यांनी हे केलेलं नसतं ते पहिल्या अभंगातच ओळखू येतात. पाळी लावायची असेल त्या मंडळानं आधीच जाऊन वेळ घ्यावी, आणि मध्यरात्रीनंतरची मागावी; ती मिळते, आणि ऐकणारे जाणत्या कानांचे असतात. गोव्यात मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावानं कला अकादमी भजन स्पर्धा घेते. तिथं गाजलेली मंडळं सप्ताहात मात्र स्पर्धेचा तोरा सोडून गातात, निदान सोडायला हवा. विलंबित आलाप घेत बसणाऱ्यांना मागची मंडळी झांज वाजवूनच उठवतात.

फेरीबद्दल स्पष्ट बोलायचं तर कपडे, भांडी, खेळणी यांत नवं काही नाही. तीच दुकानं पुढच्या जत्रेत भेटतात. गाडी शहरात आणू नका. रस्ते वळवलेले असतात आणि परतीची वाट रोज बदलते. रेल्वेनं किंवा बसनं येऊन चालत जाणं सर्वात सोयीचं. कातडी चपला घालू नका.

घ्यायचं ते खाजं. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण चांगलं खाजं कोणाचं हे मानांकनाला विचारून कळत नाही, चव घेऊनच कळतं. बेसनाची कांडी आतपर्यंत कुरकुरीत हवी, वरचा गुळाचा थर पातळ आणि कोरडा, आलं जिभेला झोंबेल इतकं. पांढरट साखरेचा थर असेल तर पुढं जा. श्रावणातल्या हवेत गूळ पाणी ओढतो, त्यामुळं परडीत उघडं मांडलेलं खाजं संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतं. कढईशेजारी उभं राहून घ्यावं, घरातून झाकण घट्ट बसणारा डबा न्यावा, कागदात बांधू देऊ नये. आणि आधी दर्शन, मग फेरी, खाजं अगदी शेवटी. नाहीतर रांगेत उभं असताना शेजारची पोरं पिशवीकडं बघत राहतात आणि देवापाशी पोचेपर्यंत अर्धा डबा प्रसाद म्हणून वाटून झालेला असतो.